उसने दात

३ फेब्रुवारी, मंगळवार

फोटोच्या कागदाची कंपनी नव्या वर्षाला आमच्या स्टुडिओच्या मालकांना डायऱ्या पाठवते. त्यातली एक मालकांनी माझ्यापुढे सरकवली होती. सगळा जानेवारी कोरा गेला, कारण लिहावं असं काही घडलंच नाही. आता घडलंय आणि सांगायला घरात कुणी नाही. म्हणून ही उघडली.

मी माती खाल्ली आहे.

पहिल्यापासून सांगते. (कुणाला सांगतेय कोण जाणे.) आई गेल्यापासून वहिनीने फोनवर टुमणं लावलं होतं, “ताई, भिंतींशी किती दिवस बोलणार? विवाह-मंडळात नाव घालते. तुम्ही फक्त नाही म्हणू नका.” दादा आणि ती लांब राहतात, त्यांना माझी काळजी फोनवरूनच करावी लागते. एकोणपन्नासाव्या वर्षी कसलं स्थळ न् कसलं काय, असं म्हणत म्हणत मी हो म्हटलं. तर मंडळाने चक्क एक स्थळ कळवलं. विधुर, मूलबाळ नाही, ग्रंथपाल, बसने चार तासांवरचं गाव. आता रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. माणूस सावकाश बोलतो आणि समोरच्याचं ऐकून घेतो. हे दुसरं मला नवीनच आहे.

त्यांनी फोटो मागितला. आणि स्टुडिओत मी हेच तर काम करते. मालक फोटो काढतात, मी कॉम्प्युटरवर बसून तो बघण्याजोगा करते. मुरूम काढायचे, डोळ्यांखालचं काळं पुसायचं, टक्कल थोडं भरायचं. दातांसाठी माझ्याकडे एक संच आहे. फार वर्षांपूर्वी एक मुलगी फोटोला आली होती, तिचे वरचे दात, डावीकडच्या एकाच्या कोपऱ्याला बारीकसा टवका असूनही, इतके सुरेख की मी ते वेगळे कापून ठेवले. कुणाचे वाकडे, पडके, पिवळे दात असले की तेच बसवते, रंग जरासा इकडचा तिकडे करते. अर्धं गाव तिच्या दातांनी हसतंय आणि तिला पत्ताही नाही.

माझ्या समोरच्या दोन दातांत फट आहे. लहान नाही, चांगली पेन्सिलीचं टोक जाईल एवढी. शाळेत मला ‘फाटक’ म्हणायचे. मी हसले की मागच्या बाकावरून आरोळी यायची, फाटक उघडलं रे! तर शनिवारी मी स्वतःचा फोटो काढला, तो समोर घेतला, आणि हात आपोआप त्या संचाकडे गेला. दोन मिनिटांचं काम. पाठवूनही दिला.

रविवारी त्यांनी विचारलं, “फोटो ताजा आहे ना? राग मानू नका. मागे एका ठिकाणी मला पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो दाखवला होता. एवढ्या लांब गेलो आणि समोर भलतंच कुणी. वयाचं काही नाही हो, पण फसवलं गेल्याचं फार लागलं.”

“अगदी ताजा,” मी म्हटलं. खोटं कुठे होतं? आदल्या दिवशीचा होता.

मार्चच्या मध्यावर, वाचनालयातली पुस्तकांची मोजदाद संपली की ते भेटायला येणार आहेत. तोवर मला फोटोसारखं व्हायला हवं. दुसरा मार्ग दिसत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दातांच्या डॉक्टरकडे गेले. स्टुडिओच्या वरच्याच मजल्यावर एक मुलगी नव्याने बसायला लागलीय. पहिलं वाक्य काय, तर “बसा काकू.” लग्नाला निघालेल्या बाईला काकू! मी पर्समधून माझा फोटो काढून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, “असे करून द्या.”

तिने फोटो बघितला, माझ्या तोंडात बघितलं, परत फोटो बघितला. मग भिंग आणलं.

“हे तुमचे नाहीत.”

“नाहीतच. म्हणून तर आलेय.”

“तसं नाही. हे वीस-बावीसच्या मुलीचे दात आहेत. कडा बघा, अजून झिजलेल्या नाहीत. तुमच्या चेहऱ्यात ते दिसतील, पण बोलायला लागलात की परक्याचे वाटतील.”

म्हटलं, बोलण्याचं मी बघते, तुम्ही दिसण्याचं बघा. तर तिने तीन मार्ग सांगितले. एक, पारदर्शक साचे. रात्रंदिवस दातांवर घालायचे, ते हळूहळू दात जवळ आणतात, वर्ष लागतं. दुसरा, व्हेनिअर. दात पुढून थोडे घासायचे आणि त्यांवर चिनी मातीचे पातळ पापुद्रे चिकटवायचे. दिसतात सुंदर, पण एकदा घासलेला दात परत येत नाही. तिसरा, बाँडिंग. दाताच्या रंगाचं लुकण दोन्ही दातांच्या कडेला लावून फट भरायची. घासायचं नाही, तासाभराचं काम, आणि उद्या नको वाटलं तर काढता येतं.

“माझं ऐकाल तर बाँडिंग. आज वेळ आहे मला.”

आज! एवढी मोठी गोष्ट अशी चटकन कशी करायची? विचार करून सांगते म्हटलं आणि जिना उतरले. खुर्चीत असताना तिने एका हाताने माझी हनुवटी धरून ठेवली होती. आई गेल्यापासून माझ्या तोंडाला कुणाचा हात लागला नव्हता. हे असलं काहीतरी उगीच डोक्यात येतं.

८ फेब्रुवारी, रविवार

ग्रंथपालांचा फोन. पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून काय करतात ते त्यांनी सांगितलं, मी त्यांना पासपोर्टच्या फोटोत हसू न आवरणाऱ्या आजोबांची गंमत सांगितली. दोघांनाही टोस्ट फार आवडतो हे निघालं. चहात बुडवून मऊ केलेला नव्हे, कडकडीत. भेटलो की दोन बशा मागवायच्या असं ठरलं.

मग मध्येच म्हणाले, “तुमच्या बोलण्यात एक बारीक शीळ आहे. ‘स’ आला की वाजते. परवा वाचनालयात खिडकीच्या फटीतून वारा आला, तर मला एकदम तुम्हीच आठवलात.”

खिडकीची फट! म्हणजे फोनवरूनसुद्धा दिसते? मी काहीतरी थातुरमातुर बोलून फोन ठेवला. इतका सभ्य माणूस, एवढं सुचवलं म्हणजे किती खटकलं असेल. आता हे नुसतं दिसण्यापुरतं राहिलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवडाभर दुसरं काही सुचत नाही. कामावर प्रत्येक गिऱ्हाइकाचे दात बघते. मालक म्हणाले, “बाई, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून बोला, लोक घाबरतात.”

साच्यांना वर्ष लागणार, ते बाद. वर्षभराने मी कुठे आणि ग्रंथपाल कुठे. राहिले पापुद्रे आणि लुकण. लुकणावर माझा विश्वास बसत नाही. आपलं बादलीचं भोक बुजवल्यासारखं वाटतं. आणि ‘उद्या काढता येतं’ म्हणजे काय? उद्या कुणाला नको वाटणार आहे? मला पक्कं हवंय. पापुद्रेच बरे.

पूर्वी मला बघायला पाहुणे यायचे तेव्हा आई आतल्या खोलीतच बजावायची, “तोंड मिटून बस. विचारलं तेवढंच बोल.” मी तशीच बसायची. एका घरून कळवलं, मुलगी मुकी वाटते. दुसऱ्या घरून, मुलगी शिष्ट वाटते. फट कुणी बघितलीच नाही कधी. आईवर राग नाही माझा, तिला जे सुचलं ते तिने केलं. पण आज आठवलं आणि वाईट वाटलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं लिहिताना हसू की रडू कळत नाही.

आमची डॉक्टर पापुद्र्यांना तयार होईना. “चांगले दात मी घासणार नाही, काकू,” एकच धोशा. म्हणून चौकातल्या मोठ्या दवाखान्यात गेले. काचेचं दार, थंडगार हवा, सोफा असा की बसलं की उठवत नाही. तिथल्या साहेबांनी माझं तोंड अर्धा मिनिट बघितलं आणि म्हणाले, “दहा दात करू. दोन भेटीत काम. भिंतीवर बघा, अशी आमची माणसं बाहेर पडतात.”

भिंतीवर ओळीने फोटो. ‘आधी’ आणि ‘नंतर’. मी ‘नंतर’चे बघत गेले. बाई, पुरुष, एक म्हातारे गृहस्थ. सगळे सुंदर हसत होते. आणि प्रत्येकाच्या डावीकडच्या पुढच्या दाताच्या कोपऱ्याला तोच बारीकसा टवका होता.

माझा संच!

मग आठवलं. दोनेक वर्षांपूर्वी जाहिरातवाला एक माणूस स्टुडिओत चेहरे घेऊन आला होता, “जरा दात नीट करून द्या.” मीच करून दिले होते. दिवसाला चार. म्हणजे ज्या हसण्यासाठी मी दात घासून घ्यायला निघाले होते, ते माझ्याच टेबलावर तयार झालेलं होतं.

“मग, पुढची तारीख लिहू?” साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, जरा बाहेर जाऊन येते. आणि बाहेर पडले ती पडलेच. जिन्यात मला असं हसू फुटलं की कठड्याला धरून बसले. मग एकाएकी थांबलं. एवढी मोठी गंमत, आणि घरी जाऊन कुणाला सांगणार?

२२ फेब्रुवारी, रविवार

ग्रंथपालांना सांगितली. मी तिथे का गेले होते ते सोडून बाकी सगळी. कामानिमित्त गेले होते असं म्हटलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. “पुन्हा सांगा, पुन्हा सांगा, त्या म्हाताऱ्यांच्या तोंडातपण तेच?” मीही हसले, तोंडावर हात न धरता, अगदी खदखदून. फोनवर कोण बघतंय?

शेवटी चेष्टेत म्हणाले, “तुमच्या फोटोतले दात तरी तुमचेच आहेत ना?”

“म्हणजे काय! भलतंच,” मी म्हटलं.

सांगायचं होतं तर तीच वेळ होती. दार उघडून समोर ठेवलं होतं त्यांनी, आणि मी ते आपल्या हाताने लावून घेतलं. पण सांगितलं असतं तर? मागच्या फसवणुकीचं त्यांना किती लागलं होतं! नाही, आता मागे फिरणं नाही. त्यांच्यासमोर बसेन तेव्हा माझ्या तोंडात फोटोतलेच दात असले पाहिजेत. मग खोटं खोटं राहणार नाही.

४ मार्च, बुधवार

बाँडिंगच करायचं ठरवलं. डॉक्टरने आधी नुसतं चाचणीपुरतं, न चिकटवता लावून दाखवलं. आरसा हातात घेतला. फट नाही! जीभ सारखी तिथे जाऊन धडकत होती, अंधारात भिंतीला धडकावं तशी.

“आता साठपासून पुढे मोजा, मोठ्याने,” डॉक्टर म्हणाली.

एकसष्ट, बासष्ट. काय निघालं तोंडातून! ‘स’ जाड, ओला, तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा.

“होतं असं. जिभेला नवीन जागा कळायला दोन-तीन आठवडे लागतात. रोज मोठ्याने वाचायचं. आज करून टाकू या का?”

पण रंग! तिच्या पट्टीवरचा कुठलाच रंग फोटोतल्या रंगाशी जुळेना. ती म्हणते, तुमच्या बाकीच्या दातांशी जुळवू. मी म्हणते, फोटोशी जुळवा. तासभर आम्ही खिडकीपाशी उभं राहून भांडलो. शेवटी ती कंटाळून म्हणाली, “ताई, मधला मागवते. बुधवारी या.” काकूची ताई झाले, तेवढं एक बरं झालं.

११ मार्च, बुधवार

झालं. दुखलं नाही. लुकण, निळा दिवा, परत लुकण, परत दिवा, मग घासून गुळगुळीत. तिने आरसा दिला. फोटो आणि मी, मी आणि फोटो. कुठे फरक नाही. डॉक्टर म्हणाली, “थोडे दिवस पुढच्या दातांनी कडक काही तोडू नका. आणि वाचा. मोठ्याने.”

आईला शेवटी शेवटी ऐकू कमी यायचं, म्हणून घरात शिरल्या शिरल्या सगळं मोठ्याने सांगायची सवय लागलीय मला. आले गं, दार लावलं, दूध तापवते. आई नाही, पण सवय गेली नाही. आज आत आले आणि म्हटलं, “संपलं एकदाचं सगळं.” आणि दचकले. खरंच वाटलं, घरात दुसरं कुणीतरी आहे.

रविवारपर्यंत चारच दिवस आहेत. पेपर मोठ्याने वाचायला घेतलाय. ‘सरकार’ म्हणताना थुंकी उडते.

१५ मार्च, रविवार

पास झाले! आधी हे लिहून टाकते.

बसस्थानकासमोरच्या हॉटेलात भेटलो. उंच आहेत, थोडे वाकून चालतात, शर्टाला इस्त्री ताजी होती. आवाज फोनवरच्यासारखाच. ‘स’ अजून नीट येत नाही म्हणून मी आधीच ठरवलं होतं की शक्य तिथे तो टाळायचा. ‘सकाळी’ म्हणायचं नाही, ‘उठल्यावर’ म्हणायचं. ‘साखर नको’ऐवजी नुसतं ‘नको’. जमलं बऱ्यापैकी. एकदोनदा बोलायला तोंड उघडलं आणि वाक्यात पुढे ‘स’ येतोय हे दिसलं, म्हणून मिटून घेतलं. हसताना ओठ जास्त ताणले जाऊ नयेत एवढंच बघत होते, नवीन आहेत ना.

त्यांनी आल्या आल्या दोन बशा टोस्ट मागवले. पहिला माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, “घ्या, ठरलंय आपलं.” आता ते कसे खाणार? मी म्हटलं, “नको.” त्यांनी एक खाल्ला. मग बशी बाजूला सरकवली.

त्यांनी पुस्तकांचं सांगितलं, मी मान हलवली. त्यांनी स्टुडिओचं विचारलं, मी म्हटलं, “छान चाललंय.” पासपोर्टवाल्या आजोबांची गंमत पुन्हा सांगा म्हणाले, तर तिच्यात ‘स’च ‘स’. “पुढच्या वेळी,” म्हटलं. मग थोडा वेळ दोघंही रस्त्याकडे बघत बसलो.

निघताना मात्र ते म्हणाले, “फोटोसारख्याच दिसता अगदी.”

जीव भांड्यात पडला माझा! ह्याच एका वाक्यासाठी केवढा आटापिटा. संध्याकाळच्या बसने जाणार होते, पण दुपारचीच पकडली. पुस्तकांची मोजदाद अर्धी राहिलीय म्हणाले. कामसू माणूस आहे.

वहिनीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “हसले का?” म्हटलं, सभ्य माणसं पहिल्या भेटीत हसत नसतात.

२२ मार्च, रविवार

फोन नाही. मोजदाद असेल.

२९ मार्च, रविवार

फोन नाही. सकाळी आंघोळसुद्धा उशिरा केली, नेमका तेव्हाच वाजायचा म्हणून. फोन बंद तर पडला नाही ना हे बघायला शेवटी मालकांना सांगितलं, जरा मला फोन लावा. लागला. “काय काम होतं?” मालक विचारतात. काय सांगणार?

२ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरकडे गेले. म्हटलं, रंग फार पांढरा झालाय का बघा, थोडा उतरवता येईल का?

“रंग उत्तम आहे. झालंय काय?” तिने मास्क खाली केला. मग मी सगळं सांगितलं, फोटोपासून. तिला नाही तर कुणाला सांगणार? ऐकताना तिने हातमोजे काढून ठेवले.

“ते काय म्हणाले म्हणालात?”

“फोटोसारख्याच दिसता.”

“आणि त्यांच्याशी तुम्ही काय काय बोललात?”

मी आठवायला लागले. छान चाललंय. नको. उठल्यावर. पुढच्या वेळी. एवढंच आठवलं.

“तुम्ही करा ना फोन,” ती म्हणाली. “दर वेळी त्यांनीच का करायचा?”

खरंच, मी एकदाही केला नव्हता. आपण करावा हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

५ एप्रिल, रविवार

केला.

आधी पाणी प्यायले. त्यांनी उचलला, माझं नाव ऐकून म्हणाले, “बोला.” आणि मी बोलले. एका दमात, ‘स’ येवो नाहीतर न येवो. फट सांगितली, शाळेतलं फाटक सांगितलं, ती अनोळखी मुलगी, तिचे दात, भिंतीवरची गंमत बघायला नव्हे तर स्वतःचे दात घासून घ्यायला मी तिथे गेले होते ते, लुकण, निळा दिवा, टोस्ट का खाल्ला नाही ते. “मी तुम्हाला फसवलं,” म्हटलं. “राग येणं बरोबर आहे.”

पलीकडे काहीतरी खट्ट वाजलं. मला वाटलं ठेवला.

“फोटो मी एकदाच बघितला होता,” ते म्हणाले. “चांगला होता. मंडळाकडून येणारे फोटो सगळे चांगलेच असतात हो. मी आलो होतो ते रविवारी फोनवर हसतात त्या बाईंना भेटायला. आणि तुम्ही समोर बसलात त्या एकेक शब्द मोजत. टोस्टला हात लावला नाहीत. मला वाटलं, बघताक्षणी मी तुमच्या मनातून उतरलो आणि केवळ सभ्यपणा म्हणून तुम्ही उठत नाही आहात. म्हणून लवकर निघालो. म्हटलं, तुमची सुटका करावी.”

“नाही हो,” मी म्हटलं. “नाही हो.”

“तुम्ही मागच्या आठवड्यात जरी सांगितलं असतंत,” ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, “परवा मी दुसऱ्या ठिकाणी शब्द दिलाय. त्या बाई साध्या आहेत, चांगल्या आहेत. त्यांना आता नाही म्हणणं बरं दिसणार नाही.”

“छे छे, अजिबात नाही,” मी म्हटलं. “अभिनंदन.”

“ती शीळ मात्र गेली तुमची.”

“बुजवली.”

“मी चांगली म्हणून सांगितली होती हो.”

मग दोघांनी एकमेकांना तब्येत सांभाळायला सांगितलं आणि फोन ठेवला. दुपारभर रडले. आई गेली तेव्हाही एवढी रडले नव्हते, तेव्हा घरात माणसं होती.

६ एप्रिल, सोमवार

कामावर गेले. एका बाईंचे दात नीट करायचे होते. संच काढला आणि परत ठेवून दिला. मालकांना म्हटलं, ह्या अशाच बऱ्या दिसतात.

११ एप्रिल, शनिवार

सकाळी वर गेले आणि डॉक्टरला म्हटलं, काढा.

ती बघतच राहिली. “अहो, इतकं सुरेख झालंय. जीभही आता सरावलीय तुमची, ‘स’ स्वच्छ येतोय. आता काढायचं? त्यांच्यासाठी का?”

“त्यांचं लग्न ठरलं.”

“मग कुणासाठी?”

तिला काही सांगता आलं नाही. म्हटलं, तुम्हीच म्हणाला होतात ना, उद्या नको वाटलं तर काढता येतं? तिने सुस्कारा सोडला आणि खुर्ची मागे केली. लोक लावायला पैसे मोजतात, मी लावायलाही मोजले आणि काढायलाही.

इथे लिहिते. हा महिनाभर रोज घरात आले की कुणीतरी परकी बाई बोलते. आले गं, दार लावलं, दूध तापवते. स्वच्छ, नीट, अगदी बातम्या देणारीसारखी. मी तिला ओळखत नाही. आणि त्या घरात मी तिच्यासोबत एकटी असते. ह्या घरात बोलणारं माणूस एकच उरलंय, ते तरी ओळखीचं असावं, एवढंच.

घरी येऊन चपला काढल्या. हात धुवायला न्हाणीघरात गेले तर वडीचा नुसता पापुद्रा उरलेला.

“साबण संपलाय,” मी मोठ्याने म्हटलं.

वाजली शीळ. दोनदा, बारीक, अगदी पूर्वीसारखी.

थोडा वेळ तशीच ओले हात घेऊन उभी राहिले. मग दारातून आतल्या खोलीकडे तोंड करून पुन्हा एकदा सांगितलं, साबण संपलाय, मी जाऊन घेऊन येते.